ओरिगामी अवकाशात खरंच जाते का? घड्यांबद्दल एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: ओरिगामीमुळे, म्हणजे कागदाला घड्या घालून आकार करण्याच्या जपानी कलेमुळे, अवकाशयानांचे सौरपट, रक्तवाहिनीतले स्टेंट, गाडीतल्या एअरबॅग घडल्या असं सतत वाचायला मिळतं, त्यात तथ्य किती? झाडांची पानं आणि कीटकांचे पंखही तशाच घड्या घालतात, हा योगायोग का? आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला यात हात घालायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

घडी घालून पाठवायच्या आणि जागेवर पोचल्यावर उलगडायच्या यंत्रणांचं आरेखन हे माझं काम. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. घड्यांमागचं गणित अस्सल आहे. 'कलेतून प्रेरणा' ही गोष्ट मात्र बऱ्याचदा काम झाल्यावर बातमीसाठी चिकटवलेली असते. पान, पंख, कागद आणि उपग्रह यांच्यात सहसा कोणी कोणाची नक्कल केलेली नसते. न ताणल्या जाणाऱ्या पातळ पडद्याला लहान व्हायचे मार्गच मोजके आहेत आणि जो कोणी तो प्रश्न सोडवायला बसतो तो फिरून फिरून त्याच दोन-चार नक्षींपाशी येतो. खरी पंचाईत पडदा पातळ राहत नाही तेव्हा सुरू होते. बातम्यांमध्ये नेमका तोच भाग गाळलेला असतो.

आधी योगायोगाचं बघू. कागद वाकतो, पण ताणला जात नाही. एवढ्या एका गुणधर्मातून बाकी सगळं निघतं. गाउसने 1827 मध्ये दाखवून दिलं की एखादा पृष्ठभाग न ताणता, न फाडता कसाही वाकवला तरी प्रत्येक बिंदूपाशी त्याच्या दोन मुख्य वक्रतांचा गुणाकार बदलत नाही. सपाट कागदाचा हा गुणाकार शून्य असतो. म्हणजे कागद एका दिशेने वाकवला की दुसऱ्या दिशेने तो सरळ राहणारच. म्हणून एका सपाट कागदाचा चेंडू होत नाही. आता हाच कागद लांबी आणि रुंदी दोन्हींकडून एकदम आक्रसून आणायचा असेल तर काय करायचं? सगळं वाकणं ठरावीक रेषांवर एकवटायचं आणि मधले तुकडे सपाट ठेवायचे. त्या रेषा म्हणजे घड्या.

घड्यांनाही मोकळीक नसते. ज्या घडीचा कणा वर येतो ती डोंगर-घडी आणि खाली जातो ती दरी-घडी म्हणू. एका बिंदूत मिळणाऱ्या घड्या पूर्ण सपाट मिटायच्या असतील तर डोंगर-घड्या आणि दरी-घड्या यांच्या संख्येतला फरक नेमका 2 असावा लागतो. हा माएकावा यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम. दुसरा कावासाकींचा: त्या बिंदूभोवतीचे कोन एकाआड एक घेऊन बेरीज केली तर ती 180 अंश यायला हवी. चार रेषा मिळत असतील तर तीन डोंगर आणि एक दरी, किंवा तीन दऱ्या आणि एक डोंगर. तिसरा पर्यायच नाही. खात्री करायची तर कुठलाही कागद मनाला येईल तसा चार-पाच वेळा घडी घालून सपाट दाबा, उघडा आणि आतल्या कुठल्याही छेदबिंदूपाशी मोजून बघा.

आता हे नियम पाळणारी, दोन्ही दिशांनी आक्रसणारी आणि सगळीकडे एकसारखी पसरलेली सगळ्यात साधी नक्षी कोणती? समांतरभुज चौकोनांच्या नागमोडी ओळी. प्रत्येक छेदबिंदूत चार रेषा. हिलाच मिउरा-घडी म्हणतात. कोर्यो मिउरा हे जपानी अवकाश-अभियंते. ते पाखरं-फुलं करायला बसलेले नव्हते. प्रचंड मोठा पातळ पत्रा दोन्ही बाजूंनी दाबला तर तो कसा दुमडेल, असा त्यांचा बलशास्त्राचा प्रश्न होता. 2005 मध्ये महादेवन आणि रिका या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं की जिलेटिनसारख्या मऊ पदार्थावर पातळ, ताठर साय असली आणि खालचा थर सुकून आक्रसला की त्या सायीवर अशीच नागमोडी नक्षी आपोआप उमटते. तिथे ना कलाकार, ना अभियंता.

हॉर्नबीम आणि बीच या झाडांची पानं कळीत असताना अशीच चुण्या घालून बसलेली असतात. मधली शीर, तिच्यापासून दोन्हीकडे निघालेल्या उपशिरा, आणि प्रत्येक दोन उपशिरांमध्ये एक उलटी घडी. कोबायाशी, क्रेसलिंग आणि व्हिन्सेंट यांनी 1998 मध्ये या पानांची भूमिती मांडली. त्यात मला सगळ्यात आवडलेला मुद्दा शिरांच्या कोनाचा. मधल्या शिरेशी उपशिरांचा कोन मोठा असेल तर पान कळीत जास्त घट्ट मावतं, पण उलगडायला जास्त वेळ घेतं. कोन लहान केला तर पान लवकर पसरतं, पण कळीत जागा जास्त खातं. आम्ही उपग्रहाच्या पटाची आखणी करताना याच देवघेवीवर बैठका घालवतो. क्रेसलिंग यांच्या नावाने आणखी एक नक्षी आहे: कागदाची नळी दोन हातांत धरून पिळली की तिरप्या घड्यांचा जो पट्टा पडतो तो. आणि नळी पिळण्याऐवजी वरून सरळ दाबली तर चौकटच्या आकाराची नक्षी उमटते. तिला योशिमुरा-नक्षी म्हणतात, कारण पातळ दंडगोल दाबाखाली कसा कोसळतो याचा अभ्यास योशिमुरा यांनी केला होता. गंमत अशी की एरवी जी बिघाडाची खूण, तीच आधीपासून मुद्दाम पाडून ठेवली तर नळीची भिंत बाहेरच्या दाबाला जास्त ताठ राहते. जपानमध्ये अशा चौकटी पाडलेले पेयांचे पातळ डबे निघाले. झाकण उघडलं, आतला दाब गेला की त्या चौकटी उठून दिसतात.

मिउरा-घडी अवकाशात खरोखर गेली आहे. मार्च 1995 मध्ये जपानने स्पेस फ्लायर युनिट नावाचं यान सोडलं. त्यावर या घडीचा पट उलगडण्याचा प्रयोग होता. जानेवारी 1996 मध्ये एंडेव्हर शटलने ते यान परत आणलं. या घडीचा फायदा समजायला नकाशा डोळ्यांसमोर आणा. नेहमीच्या काटकोनी घड्यांचा नकाशा उघडायचा तर आधी आडव्या घड्या, मग उभ्या, आणि मिटताना हमखास एखादी घडी उलटी जाते. घड्या एकमेकींना बांधलेल्या नसतात, म्हणून चुकायला वाव राहतो. मिउरा-घडीत उभ्या रेषा काही अंश तिरप्या, नागमोडी केलेल्या असतात. तेवढ्या तिरपेपणाने सगळ्या घड्या एकमेकींत गुंततात. एक घडी जितकी उघडेल तितकीच बाकीच्या सगळ्या उघडतात. यंत्रशास्त्राच्या भाषेत संपूर्ण पटाला एकच मुक्तता-कोटी (स्वतंत्रपणे हलण्याची वाट) उरते, म्हणजे तत्त्वतः एक मोटर पुरते. शिवाय मिटलेल्या अवस्थेत घड्यांच्या कडा नेमक्या एकावर एक येत नाहीत, थोड्या सरकलेल्या राहतात, त्यामुळे कोपऱ्यांवर कागद फाटत नाही.

कीटकांच्या पंखांकडे आलो की चित्र पालटतं. तिथे नियम मोडलेले दिसतात, आणि मला ते पानांपेक्षा जास्त रंजक वाटतं. इयरविग नावाच्या किड्याचा पंख मिटला की उघड्या पंखाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी जागेत बसतो. झुरिकच्या ईटीएच आणि अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये त्याचा हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आलं की पंखाच्या मधल्या सांध्यातले कोन ताठ कागदाच्या नियमांत बसतच नाहीत. त्या कोनांनी कागद मिटणार नाही. पंख मिटतो कारण घडीच्या रेषेत रेझिलिन हे रबरासारखं प्रथिन असतं आणि रेषा स्वतःच थोडी ताणली जाते. त्या ताणामुळे पंखाला दोन स्थिर अवस्था मिळतात, उघडी आणि मिटलेली, आणि मधून तो टचकन पलीकडे जातो. उघडा धरून ठेवायला स्नायूंचा जोर लागत नाही. कुलूप भूमितीतच आहे.

लेडीबर्डचं कोडं वेगळं होतं. तिचे पंख वरच्या ठिपकेदार कवचाखाली मिटतात, त्यामुळे ते कसे मिटतात हे दिसतच नाही. टोकियो विद्यापीठातले काझुया साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नखं रंगवायच्या कामात वापरतात तसं अतिनील प्रकाशात घट्ट होणारं पारदर्शक रेझिन घेतलं, त्याचं नकली कवच बनवून किड्याला बसवलं आणि वेगवान कॅमेऱ्याने आत काय चालतं ते टिपलं. 2017 मध्ये ते प्रसिद्ध झालं. पोट खाली-वर करत, कवचाच्या आतल्या कडेचा आधार घेत ती पंख आत ओढते. पंखाच्या शिरांचा छेद सुताराच्या पोलादी मोजपट्टीसारखा किंचित वळलेला असतो: सरळ असताना ताठ, पण दाबलं की कुठेही मोडते, आणि सोडलं की स्वतःच सरळ होते. म्हणजे बिजागरी ठरलेल्या एका जागी नाही, ती शिरेवरून सरकत जाते. अशा वळीव पट्ट्या उपग्रहांच्या बाहूंमध्ये आम्ही आधीपासून वापरत होतो. किड्याकडून शिकलो असं म्हणायला छान वाटेल, पण ते खरं नाही.

मग कलाकारांनी काय दिलं? थोडं नव्हे, पण बातम्यांत येतं ते नव्हे. त्यांनी प्रश्न दिले. 1990 च्या सुमारास ओरिगामी करणाऱ्यांमध्ये एकाच चौरस कागदातून, कात्री न लावता, जास्तीत जास्त पायांचे आणि शिंगांचे किडे करण्याची चढाओढ लागली होती. आता सहा पाय, दोन मिशा, शिंग, प्रत्येकाची लांबी वेगळी, हे एका कागदात मांडायचं कसं? रॉबर्ट लँग या भौतिकशास्त्रज्ञाने याचं उत्तर गणितात मांडलं. प्रत्येक पाय म्हणजे कागदावरचं एक वर्तुळ, आणि पायाची लांबी ही त्या वर्तुळाची त्रिज्या. पाय कागदाच्या कोपऱ्यातून काढला तर पाव वर्तुळात भागतं, कडेवरून काढला तर अर्धं लागतं आणि मधूनच काढायचा तर पूर्ण वर्तुळ खर्ची पडतं. म्हणजे किडा करणं हा चौरसात वर्तुळं दाटीने बसवण्याचा प्रश्न झाला, आणि त्यावर गणितात भरपूर काम आधीच झालेलं होतं. लँग यांनी त्यावरून ट्रीमेकर नावाची प्रणाली लिहिली: काड्यांचं चित्र द्या, घड्यांचा आराखडा घ्या. हे सोपं वाटेल म्हणून लगेच सांगतो. 1996 मध्ये बर्न आणि हेज यांनी सिद्ध केलं की घड्यांची कुठलीही आकृती पुढे ठेवून ती सपाट मिटेल की नाही हे ठरवणं एनपी-हार्ड आहे, म्हणजे ते झटपट सोडवणारी सरसकट रीत कुणाला माहीत नाही अशा प्रश्नांपैकी एक. एकेका बिंदूचे नियम तपासणं सोपं. सगळे थर एकमेकांत न घुसता कुठल्या क्रमाने बसतील, ते अवघड.

कलेतलं दुसरं कोडं बाउहाउस या जर्मन कलाशाळेतलं. 1920 च्या दशकाच्या अखेरीस जोसेफ अल्बर्स तिथे विद्यार्थ्यांच्या हाती कागद देत आणि वाया न घालवता त्याचं काहीतरी करा म्हणत. त्यातून एक नमुना पुढे आला: एकात एक चौरस काढायचे, एक डोंगर एक दरी अशा आलटून पालटून घड्या घालायच्या आणि कर्णांवरही घड्या पाडायच्या. कागद आपणहून खोगिरासारखा वळतो. पिढ्यान्‌पिढ्या लोक हे करत आले. 2009 मध्ये एरिक डिमेन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की हा आकार अस्तित्वातच नाही. सरळ घड्यांनी वेढलेला कागदाचा तुकडा गणिताप्रमाणे सपाटच राहायला हवा, आणि तो सपाट राहिला तर ही रचना हलणारच नाही. मग टेबलावर दिसतं ते काय? कागद चोरून आणखी बारीक घड्या घालतो, डोळ्याला न दिसणाऱ्या, किंवा किंचित ताणला जातो. प्रत्येक पट्टीत एक कर्ण वाढवला की तोच आकार गणितातही शक्य होतो. पटाची आखणी करणाऱ्याला हा धडा फार महत्त्वाचा, कारण कागदाचा नमुना चालला म्हणून पत्र्याचा चालेल असं मानणारे लोक या धंद्यात पैसे घालवतात. कागद लबाडी करतो, पत्रा करत नाही. वक्र रेषांवरच्या घड्यांचं गणित डेव्हिड हफमन यांनी 1970 च्या दशकात मांडलं. होय, फायली लहान करण्याच्या पद्धतीमुळे ज्यांचं नाव प्रत्येक संगणक-विद्यार्थ्याला माहीत असतं, तेच.

थोडं आडवळण. 1893 मध्ये टी. सुंदर राव यांनी मद्रासला कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक काढलं आणि जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतल्यावर ते युरोप-अमेरिकेत गेलं. घडीने घनमूळ काढता येणार नाही असं राव यांना वाटत होतं. 1936 मध्ये मार्गेरिता बेलोक या इटालियन गणितीने दाखवलं की येतं: दोन बिंदू एकाच घडीने दोन वेगवेगळ्या रेषांवर आणून ठेवायचे, की त्रिघाती समीकरण सुटतं. कंपास आणि पट्टीने जे अशक्य, ते घडीने शक्य. माझ्या रोजच्या कामात याचा काडीचाही उपयोग नाही.

उलट दिशेचा शोधही सांगायला हवा. लिफाफे रूढ होण्यापूर्वी पत्रं अशी दुमडत, चिरत आणि खोचत की तेच पत्र स्वतःचं कुलूप व्हायचं; फाडल्याशिवाय उघडत नसे. हेगमध्ये अशा जुन्या पत्रांच्या एका पेटाऱ्यात 577 पत्रं कधीच न उघडलेली आहेत. त्यातलं 1697 सालचं एक पत्र न उघडता वाचलं गेलं. दातांच्या संशोधनासाठी बनवलेल्या एक्स-रे स्कॅनरने त्याचे थर टिपले आणि संगणकाने घड्या ओळखून पत्र पडद्यावर सपाट केलं. 2021 मध्ये हे जाहीर झालं. शाईत धातू होता म्हणून अक्षरं दिसली. मजकूर काय, तर नातेवाइकाच्या मृत्यूच्या नोंदीची नक्कल पाठवा.

आता बातम्यांतल्या दाव्यांकडे. एअरबॅगचा दावा अर्धा खरा. लँग यांची घडीची रीत अपघाताच्या संगणकीय नकलेत, मिटलेल्या पिशवीचं प्रतिरूप बनवायला कामी आली. गाडीतली पिशवी मात्र कारखान्यात आपल्या पद्धतीने दुमडतात आणि दाबून बसवतात. स्टेंटचा दावा असा: ऑक्सफर्डमध्ये काओरी कुरिबायाशी आणि झोंग यू यांनी 2006 मध्ये निकेल-टायटॅनियमच्या पातळ पत्र्यावर घड्या पाडून शरीराच्या उष्णतेने उघडणारी नळी बनवून दाखवली. काम सुंदर आहे, पण रुग्णालयात रोज बसवतात ते स्टेंट जाळीचे असतात. जेम्स वेब दुर्बिणीला ओरिगामी म्हणणं तर ओढूनताणून आहे. 6.5 मीटरचा आरसा साडेपाच मीटरहून कमी रुंदीच्या रॉकेटच्या टोकात मावत नव्हता, म्हणून 18 तुकड्यांपैकी दोन्ही कडांचे तीन-तीन तुकडे बिजागरीवर मागे वळवले. चांगलं, भक्कम, कंटाळवाणं इंजिनिअरिंग. तसंच असायला हवं.

आणि हे सगळं जिथे अडतं ती जाडी. गणितातल्या कागदाला जाडी नसते. 0.1 मिलिमीटरचा कागद दहा वेळा अर्धा-अर्धा दुमडला तर 1,024 थर, म्हणजे 10 सेंटिमीटरचा ठोकळा. ब्रिटनी गॅलिव्हन या कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलीने 2002 मध्ये एक कागद बारा वेळा दुमडला, त्यासाठी तिला सुमारे 1,200 मीटर लांबीचा टॉयलेट पेपर लागला. तिने सूत्रही मांडलं: प्रत्येक घडीच्या गोलाईत कागद खर्ची पडतो, त्यामुळे एकाच दिशेने आणखी एक घडी वाढवायची तर लांबी जवळपास चौपट लागते.

पडदा खरोखर पातळ असेल तर कागदाची भूमिती तशीच्या तशी चालते. जपानच्या इकारोस या 2010 मधल्या सौरशिडाचा पडदा 7.5 मायक्रॉनचा होता, 14 मीटर बाजूचा चौरस, आणि यान स्वतःभोवती फिरवून तो उघडला. पण सौरघटांचे पॅनेल जाड, काचेसारखे ठिसूळ. त्यांच्यावर घडी पाडताच येत नाही, दोन पॅनेलच्या मधल्या फटीतून पाडावी लागते. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेने आणि ब्रिगम यंग विद्यापीठाने लँग यांना सोबत घेऊन 2013 मध्ये एक आराखडा मांडला: 2.7 मीटर व्यासाचा मिटलेला गठ्ठा, उघडल्यावर 25 मीटर, पॅनेलची जाडी सुमारे 1 सेंटिमीटर. मधल्या गाभ्याभोवती गुंडाळली जाणारी ही नक्षी शून्य जाडीच्या कागदावर अगदी नियमित असते. जाडी धरली की बाहेरच्या फेऱ्याला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून घडीच्या रेषा सरळ ठेवून भागत नाही. त्या मुद्दाम थोड्या हलवाव्या लागतात. त्यांनी बनवलेला नमुना विसावा हिस्सा आकाराचा होता, हेही बातमी वाचताना ध्यानात असू द्या.

जाडीवर सर्वांत देखणा उपाय मला 2015 मधला वाटतो, यान चेन, रुई पेंग आणि झोंग यू यांचा. साधी गोष्ट आहे: जाड पॅनेल नुसती एका रांगेत मिटायची तर बिजागऱ्या एकदा वरच्या तोंडावर, एकदा खालच्या तोंडावर बसवल्या की झालं. पण चार घड्या एका बिंदूत मिळतात तिथे बिजागऱ्या वर-खाली सरकवल्या की त्यांचे अक्ष एका बिंदूत मिळत नाहीत, आणि एका बिंदूत मिळणं हाच तर हलण्याचा आधार होता. सगळं जाम होतं. या तिघांनी जुन्या यंत्रशास्त्रातली बेनेटची साखळी काढली. जेफ्री बेनेट यांनी 1903 मध्ये शोधलेली: चार दांडे, चार बिजागऱ्या, अक्ष समांतर नाहीत, एकत्रही मिळत नाहीत. नेहमीच्या सूत्राने मोजलं तर तिची मुक्तता-कोटी 6×3 वजा 5×4 (तीन हलत्या दांड्यांना प्रत्येकी सहा, त्यातून प्रत्येक बिजागरी पाच काढून घेते), म्हणजे उणे 2 येते. ती हलायलाच नको. तरीही हलते, कारण दांड्यांची लांबी आणि पिळाचे कोन एका विशिष्ट प्रमाणात असतात. शंभर वर्षं ही साखळी पाठ्यपुस्तकातलं नवल म्हणून पडून होती. पॅनेलची जाडी त्या प्रमाणात घेतली की चार घड्यांचा जाड सांधा कागदासारखाच मिटतो.

भूमिती जमली तरी घर्षण उरतं. गॅलिलिओ यान 1989 मध्ये गुरूकडे निघालं. 1991 मध्ये त्याची 4.8 मीटरची छत्रीसारखी अँटेना उघडायची आज्ञा दिली आणि ती अर्धवट उघडून अडकली. अठरापैकी काही फासळ्या सुटल्याच नाहीत. जमिनीवरच्या वाहतुकीत आणि साठवणुकीच्या वर्षांत खिळ्यांवरचं कोरडं वंगण झिजलं असावं, असा निष्कर्ष निघाला. यानाला संपूर्ण मोहीम लहान अँटेनावर काढावी लागली. वेबच्या सूर्यछत्राला धरून ठेवणाऱ्या 107 सुटणाऱ्या खुंट्या होत्या आणि एकूण एक सुटणं भाग होतं. म्हणून एक मोटर, एक मुक्तता-कोटी या गोष्टीला एवढं महत्त्व. घडी जितकी हुशार तितक्या बिजागऱ्या जास्त, आणि बिजागऱ्या जितक्या जास्त तितक्या अडकायच्या जागा जास्त.

कागदालाच कागद राहू दिलं तिथे यश लवकर मिळालं, हेही नोंदवतो. मनु प्रकाश आणि त्यांच्या विद्यार्थ्याचं फोल्डस्कोप 2014 चं: कागदावर छापलेला, घडी घालून जुळणारा, काचेच्या गोळीचा भिंग असलेला सूक्ष्मदर्शक. तिथे घडी दुहेरी काम करते, सांगाडाही होते आणि भिंग-नमुना एका रेषेतही आणते. आणि सगळ्यात मोठा घडीउद्योग कोणता, तर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. 1879 च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर यांच्या छापखान्यात घडी पाडायची धातूची पट्टी सरकली आणि तिने कागदी पिशव्या कापून टाकल्या. त्यावरून एकाच दाबात कापणं आणि क्रीजिंग (घडीची खाच पाडणं) करता येईल हे त्यांच्या लक्षात आलं. जाडीचा हिशेब खोकेवाल्यांना तेव्हापासून पाठ आहे. बोर्ड जितका जाड तितकी क्रीजिंगची खाच रुंद आणि प्रत्येक घडीला मापात सूट. विद्यापीठातल्या लोकांना हे फार उशिरा सुचलं.

सुरुवात कुठून? आधी मिउरा-घडी साध्या कागदावर करा. रेषा सुरीच्या बोथट पाठीने किंवा संपलेल्या रिफिलने ओढून घ्या. हाताने दाबून पाडलेली घडी भरकटते. कागदाच्या तंतूंची दिशा तपासा, कारण तंतूंच्या आडवी घडी खडबडीत पडते आणि नमुना एका बाजूला ओढला जातो. मग तीच नक्षी 3 मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून, कापडी चिकटपट्टीच्या बिजागऱ्या लावून करा. ती जिथे अडेल तिथे थांबा आणि कुठला कोपरा कशात घुसतोय ते वहीत काढा. पहिल्या नमुन्याने हात बसेल, दुसऱ्याने विषय कळेल. त्यानंतर ताठ दुव्यांच्या यंत्रणा, गोलीय साखळ्या आणि बेनेट एवढं वाचून काढा. पाखरं येत नसली तरी चालेल.

संगणकावर बघायचं तर अमांडा घसाई यांचा ओरिगामी सिम्युलेटर ब्राउझरमध्ये फुकट चालतो. आराखडा टाकला की मिटताना दिसतो, आणि कुठला भाग किती ताणला जातोय ते रंगाने कळतं. बाउहाउसचा तो चौरसांचा नमुना त्यात घालून बघा, कागदाची चोरी रंगात पकडता येईल. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो जाडी शून्यच धरतो. आणि एक तुकडा दुसऱ्यातून आरपार गेला तरी तो अडवत नाही, त्यामुळे पडद्यावर सुरळीत मिटलेला आराखडा पुठ्ठ्याचे तुकडे जुळवून तपासल्याशिवाय वर्कशॉपला देऊ नका.